जेम्स पार्किन्सन: सहा रुग्ण, ६६ पानं आणि न दिलेलं औषध



एक छोटासा प्रयोग करून बघा. सर्च इंजिनमध्ये जेम्स पार्किन्सन असं टाका आणि इमेजेस उघडा. दाढीवाल्या, कोट घातलेल्या गृहस्थांचे दोन-तीन जुने फोटो समोर येतील. आता तारखा जुळवा. पार्किन्सन १८२४ मध्ये वारले. कॅमेऱ्याने काढलेला, आज शिल्लक असलेला जगातला सर्वात जुना फोटो फ्रान्समध्ये नीएप्स यांनी काढला, तो साधारण १८२६-२७ मध्ये. म्हणजे ते फोटो आपल्या पार्किन्सन यांचे असूच शकत नाहीत. ते त्याच नावाच्या दुसऱ्या माणसांचे आहेत. एका साइटने टाकले, दुसऱ्याने उचलले, तिसऱ्याने विचारच केला नाही. त्यांचं खात्रीचं एकही चित्र आज उपलब्ध नाही.

चेहरा कोणालाच माहीत नाही, पण नाव मात्र घराघरात पोहोचलंय. ज्याला आपण कंपवात म्हणतो, त्या आजाराला जगभर पार्किन्सन्स म्हणतात, ते यांच्याच नावावरून. मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मनगटावरच्या हेल्थ बँडमधून येणाऱ्या डेटावर काम करतो. हाताचा कंप सेन्सरला कसा ओळखता येईल हे वाचता वाचता मी या माणसापर्यंत पोहोचलो आणि मग तिथेच अडकलो. आज त्यांची गोष्ट सांगतो. शेवटी आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या कामाची एक गोष्टही त्यातूनच निघते, म्हणून पूर्ण वाचा.

हॉक्स्टनचे डॉक्टर

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनमधल्या हॉक्स्टन भागात झाला. म्हणूनच ११ एप्रिल हा दिवस जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. वडील जॉन हे तिथलेच अपोथेकरी आणि सर्जन होते. अपोथेकरी म्हणजे औषधं बनवणारा, विकणारा आणि रुग्णही तपासणारा माणूस. आपल्याकडचा गल्लीतला फॅमिली डॉक्टर आणि केमिस्ट एकत्र केला, तर जे होईल ते.

जेम्स वडिलांच्या हाताखाली शिकले, लंडन हॉस्पिटलमध्ये शिकले आणि पुढे त्याच घरातून प्रॅक्टिस करू लागले. १७७७ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, गळफास घेतलेल्या एका माणसाचे प्राण वाचवल्याबद्दल त्यांना ह्युमेन सोसायटीचं रौप्यपदक मिळालं. १७८५ मध्ये त्यांनी त्या काळचे नामवंत सर्जन जॉन हंटर यांची व्याख्यानं ऐकली आणि ती शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतली. पार्किन्सन गेल्यानंतर, १८३३ मध्ये, त्यांच्या मुलाने त्या नोंदींचं पुस्तक काढलं. जे पाहिलं, ऐकलं ते लगेच आणि नीट लिहून ठेवायचं, ही सवय त्यांना तरुणपणीच लागली होती. पुढची सगळी गोष्ट याच सवयीवर उभी आहे.

सामान्य लोकांसाठीही त्यांनी भरपूर लिहिलं. घरात कोणी आजारी पडलं तर काय करावं, कधी डॉक्टरकडे धावावं, खेड्यातल्या माणसाने तब्येत कशी सांभाळावी, अशी त्यांची पुस्तकं होती. आजच्या भाषेत सांगायचं तर ते त्या काळचे एक्सप्लेनर लेखक होते.

टोपणनाव आणि पॉपगन प्लॉट

आता गंमत बघा. दिवसा रुग्ण तपासणारे हे डॉक्टर ओल्ड ह्यूबर्ट या टोपणनावाने सरकारवर टीका करणारी पत्रकं लिहायचे. १७९० च्या दशकातला तो काळ. शेजारी फ्रान्समध्ये क्रांती झालेली, इंग्लंडमध्ये मूठभर लोकांनाच मताचा अधिकार आणि गरिबांवर करांचा बोजा. पार्किन्सन लंडन करस्पाँडिंग सोसायटी या संघटनेचे सभासद होते. संसदेत सर्वसामान्य माणसाचा प्रतिनिधी हवा, ही या संघटनेची मागणी होती.

१७९४ मध्ये या संघटनेतल्या काही जणांवर राजा तिसरा जॉर्ज याला विषारी बाणाने मारण्याचा कट रचल्याचा आरोप झाला. हाच तो पॉपगन प्लॉट. पार्किन्सन यांना थेट प्रिव्ही कौन्सिलसमोर बोलावलं गेलं, पंतप्रधान विल्यम पिट यांच्यासमोर. आपल्याविरुद्ध जाईल असं काही बोलायची सक्ती होणार नाही, हे आधी स्पष्ट करून घेतल्यावरच त्यांनी साक्ष दिली. ओल्ड ह्यूबर्ट म्हणजे मीच, हेही तिथेच सांगून टाकलं. पुढे त्या प्रकरणात कोणालाच शिक्षा झाली नाही.

दगडातली चिन्हं वाचणारा माणूस

राजकारण हळूहळू मागे पडलं आणि पार्किन्सन जीवाश्मांमध्ये रमले. जीवाश्म म्हणजे दगडात रूपांतर झालेले प्राचीन प्राण्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष. १८०४ ते १८११ या काळात त्यांनी या विषयावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. १८०७ मध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तेव्हाच्या तेरा संस्थापकांपैकी ते एक होते. एका अमोनाइटला, म्हणजे शंखासारख्या दिसणाऱ्या नामशेष समुद्री प्राण्याला, शास्त्रज्ञांनी पार्किन्सोनिया हे नाव दिलं.

हे मी का सांगतोय? कारण जीवाश्म अभ्यासणाऱ्याला एक शिस्त आपोआप लागते. समोरचा प्राणी जिवंत नाही, त्याला काही विचारता येत नाही. दगडावर जेवढ्या खुणा आहेत तेवढ्यावरूनच सांगायचं. दोन तुकडे सारखे दिसले तरी ते एकाच प्राण्याचे आहेत की नाहीत, हे बारीक फरकांवरून ठरवायचं. हीच नजर घेऊन ते रस्त्यावरच्या माणसांकडे बघत होते.

१८१७: सहा माणसं

वयाच्या बासष्टाव्या वर्षी पार्किन्सन यांनी ६६ पानांचा एक निबंध छापला. नाव होतं, ॲन एसे ऑन द शेकिंग पाल्सी. त्यात एकूण सहा रुग्ण होते. आजच्या संशोधनात सहा हा आकडा ऐकून कोणी पेपर वाचणारही नाही. त्यातही सगळे काही त्यांच्या दवाखान्यात आलेले नव्हते.

पहिला पन्नाशी ओलांडलेला माळी. दुसरा बासष्ट वर्षांचा, तो त्यांना रस्त्यात भेटला. तिसरा साधारण पासष्टचा, एकेकाळी खलाशी होता, तोही रस्त्यातच दिसला. त्यांना थांबवून पार्किन्सन यांनी त्यांची हकीकत विचारून घेतली. एकाला तर त्यांनी फक्त लांबून चालताना पाहिलं. सहावे गृहस्थ बहात्तर वर्षांचे होते.

या मूठभर माणसांकडे बघून त्यांनी काय टिपलं ते बघा. हात स्वस्थ मांडीवर किंवा टेकवून ठेवलेला असताना कंप जास्त असतो, हाताने काही करायला घेतलं की तो कमी होतो. सुरुवात एका बाजूने होते, मग दुसरी बाजू धरते. शरीर पुढे झुकतं. चालताना पावलं लहान आणि घाईची होतात, जणू माणूस स्वतःच्याच तोलामागे धावतोय. लिहिणं, जेवणं अवघड होत जातं. पुढे गिळायला त्रास होतो, लाळ गळते. आणि हे सगळं इतक्या हळूहळू येतं की ते नेमकं कधी सुरू झालं हे रुग्णाला सांगताच येत नाही.

सहाव्या गृहस्थांची नोंद मला सगळ्यात आवडते. त्यांना मध्येच पक्षाघाताचा झटका आला आणि एक बाजू लुळी पडली. त्या बाजूचा कंप तेवढ्या काळापुरता थांबला. ताकद परत आली, तसा कंपही परत आला. यावरून एवढं नक्की कळतं, की हाताला कंप येण्यासाठी मेंदूकडून हाताकडे जाणारा रस्ता चालू असावा लागतो. बिघाड हाताच्या स्नायूत नाही, वर कुठेतरी आहे.

आमच्या क्षेत्रात चांगला बग रिपोर्ट कसा लिहावा हे शिकवतात: काय घडतं, कधी घडतं, कशाने कमी-जास्त होतं, आणि सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या बगपासून हा वेगळा कसा. पार्किन्सन यांनी २०० वर्षांपूर्वी नेमकं तेच केलं. म्हातारपणामुळे किंवा दारूमुळे येणारी थरथर वेगळी आणि ही वेगळी, हे त्यांनी मांडलं. त्याआधी हे सगळं एकाच टोपलीत पडत होतं.

आणि औषध?

इथे खरा मुद्दा येतो. त्या काळी डॉक्टर म्हटलं की काहीतरी द्यायचंच, अशी पद्धत होती. पाऱ्याची औषधं, जुलाब, काढे, रक्त काढणं. पार्किन्सन स्वतः औषधं विकणाऱ्या घरातले. त्यांनीही मानेच्या भागातून रक्त काढण्याचा आणि तिथे फोड आणण्याचा उपाय सुचवला, कारण आजाराचं मूळ मानेतल्या मज्जारज्जूत असावं असा त्यांचा अंदाज होता. हा अंदाज चुकीचा निघाला. पण पोटात घ्यायच्या औषधांबद्दल त्यांनी हात आखडता घेतला. आजाराचं स्वरूप नीट कळेपर्यंत अशी औषधं देणं योग्य ठरत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. या रुग्णांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करायची संधी आपल्याला मिळाली नाही, हेही त्यांनी मान्य केलं आणि ज्यांना ती मिळेल त्यांनी हे काम पुढे न्यावं, असं आवाहन केलं.

त्यांच्या काही गोष्टी निसटल्याही. स्नायूंचा ताठरपणा त्यांच्या नजरेतून सुटला, आणि बुद्धीवर परिणाम होत नाही असं त्यांना वाटलं. आज आपल्याला माहीत आहे की बऱ्याच रुग्णांमध्ये पुढे स्मृतीवर आणि विचारांच्या वेगावरही परिणाम होतो.

१८२४ च्या डिसेंबरमध्ये पार्किन्सन यांना पक्षाघात झाला, वाचा गेली आणि २१ डिसेंबरला ते वारले. निबंध त्यानंतर जवळजवळ विस्मरणात गेला. पुढे पॅरिसमध्ये जाँ-मार्टिन शार्को यांनी या आजाराचा खोलवर अभ्यास केला. ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा त्यांनी वेगळे करून दाखवले, प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असं नाही हेही दाखवलं, आणि आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं.

दीडशे वर्षांनी मिळालेलं उत्तर

पार्किन्सन यांनी ज्याची वाट बघायला सांगितलं होतं ते कारण हळूहळू उलगडलं. १९१९ मध्ये कॉन्स्टँटिन त्रेत्याकॉफ यांनी दाखवलं की या रुग्णांच्या मेंदूत सबस्टान्शिया नायग्रा नावाच्या गडद रंगाच्या भागातल्या पेशी मेलेल्या असतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी डोपामिन या रसायनाचं मेंदूतलं महत्त्व दाखवलं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून सांगितलं, की इथे डोपामिनच कमी पडतंय.

मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्याचा कच्चा माल, म्हणजे लेव्होडोपा, मात्र शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन बनतं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉटझियास यांनी डोस हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत दाखवली आणि जागेवर खिळलेली माणसं चालू लागली. आजही हेच या आजाराचं मुख्य औषध आहे.

इथे एक आपल्या मातीतला धागा आहे. रानात गेल्यावर जिच्या शेंगेची कूस अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो ती खाजकुइली आठवते ना? तिच्या बियांमध्ये नैसर्गिक लेव्होडोपा असतो. १९३७ मध्येच भारतीय संशोधकांनी तो वेगळा काढून दाखवला होता. आयुर्वेदात या बिया पूर्वीपासून वापरात आहेत. पण म्हणून घरी पूड करून खायला जाऊ नका. बियांतलं प्रमाण कमी-जास्त असतं, आणि गोळ्या चालू असतील तर डोस दुप्पट होऊ शकतो.

औषधानेच येणारा कंप

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येऊ.

डोपामिन कमी झालं की कंप आणि ताठरपणा येतो. मग एखाद्या औषधाने डोपामिनचं काम अडवलं तर? तर पार्किन्सन्स नसलेल्या माणसालाही तीच लक्षणं येतात. आणि ही औषधं काही दुर्मीळ नाहीत. मळमळ आणि उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आणि मळमळीसाठीचं प्रोक्लोरपेराझिन, चक्करेसाठीचं सिनारिझिन, अर्धशिशी आणि चक्करेसाठीचं फ्लुनारिझिन, आणि मानसिक आजारांवरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं. वय वाढलं की हा धोका वाढतो, कारण मेंदूतल्या डोपामिनचा साठा आधीच कमी झालेला असतो.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांच्या औषधांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मेटोक्लोप्रमाइड घेणाऱ्यांना पुढे लेव्होडोपा सुरू होण्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाली. म्हणजे एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजला गेला आणि त्यावर दुसरी गोळी आली. दुसरीने मळमळ झाली तर तिसरी. डॉक्टरी भाषेत याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला पॅचवर पॅच म्हणतो.

माझ्या आजोबांच्या बाबतीत हे मी जवळून पाहिलंय. चक्कर येते म्हणून एक गोळी सुरू झाली होती, ती महिनोन्‌महिने चालूच राहिली. काही महिन्यांनी त्यांचा हात कापायला लागला, पाय घासत चालायला लागले. वय झालं आता, असंच घरात सगळे म्हणत होते. मग आत्याने त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी आधी आजोबांना खोलीत चालायला लावलं, मग औषधांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. एकेक पट्टी बघत त्यांनी चक्करेची गोळी बाजूला काढली. नवीन औषध एकही लिहून दिलं नाही. तीनेक महिन्यांत आजोबा पुन्हा स्वतःच्या हाताने बशीतला चहा प्यायला लागले. सगळ्यांच्या बाबतीत इतकं सोपं नसतं. कधी लक्षणं जायला जास्त वेळ लागतो, आणि कधी आत दडलेला खरा पार्किन्सन्सच बाहेर आलेला असतो. पण आधी पिशवी बघायला हवी, एवढं नक्की.

घड्याळाला काय कळतं?

पार्किन्सन्समधला स्वस्थ हाताचा कंप साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो. मनगटावरच्या घड्याळातला ॲक्सेलेरोमीटर सेकंदाला ५० वेळा नोंद घेत असेल, तर हा कंप पकडणं अवघड नाही. सेकंदाला ६ वेळा होणारी हालचाल टिपायला दर सेकंदाला १२ पेक्षा जास्त नोंदी पुरतात. २०१५ मध्ये अमेरिकेत एमपॉवर नावाचं संशोधनाचं ॲप आलं. त्यात लोक फोनवर बोटं टॅप करायचे, चालायचे, आवाज रेकॉर्ड करायचे. हजारो लोकांचा डेटा जमा झाला.

पण सेन्सरला नुसता आलेख दिसतो. हात टेकलेला होता की भाजी चिरत होता, हे सोबत कळल्याशिवाय त्या आलेखाला अर्थ नाही. पार्किन्सन यांनी हा फरक डोळ्यांनी टिपला, आम्हाला त्यासाठी अल्गोरिदम लिहावे लागतात. आणि कंप आजाराचा की गोळीचा, हे तर घड्याळ सांगूच शकत नाही. आलेख बऱ्याचदा सारखाच दिसतो. त्यासाठी माणसानेच विचारावं लागतं.

तुम्ही काय करू शकता?

घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या औषधांची यादी करा. फोनमध्ये केलीत तरी चालेल. ॲलोपॅथी, आयुर्वेदिक, मेडिकलमधून परस्पर आणलेली, सगळीच. प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आणि कधी सुरू झालं ते लिहा. नवीन लक्षण दिसलं तर त्याची तारीख त्याच यादीत टाका. आणि डॉक्टरांना सरळ विचारा: हे आधीच्या एखाद्या गोळीमुळे असू शकतं का? एखादी गोळी आता कमी करता येईल का?

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. हा लेख वाचून कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका. पार्किन्सन्सच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं. लेव्होडोपा चालू असेल तर वेळा पाळा, आणि लोहाच्या गोळ्या किंवा प्रथिनांचं भरपूर जेवण त्याच वेळी घेऊ नका, कारण त्यामुळे औषध नीट शोषलं जात नाही. यातली अंतरं किती ठेवायची तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

पार्किन्सन यांच्याकडे एमआरआय नव्हता, सेन्सर नव्हता, उपयोगी पडेल असं एकही औषध नव्हतं. रस्त्यात दिसलेल्या म्हाताऱ्या माणसाला थांबवून, तुम्हाला हे कधीपासून होतंय असं विचारण्याची सवड मात्र त्यांच्याकडे होती. तेवढी सवड आपल्या घरातल्या माणसांसाठी आपण नक्की काढू शकतो.